आर्क फ्लॅशचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे जिनिंगच्या पॅनलवरून समजून घेऊ

दसरा जवळ आला की आमच्या पांढरकवडा-वणी पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. मोटरी तपासा, अर्थिंग पाहा, केबलचे लग टाईट करा, हंगामात मिल थांबायला नको. मी लायसन्सवाला इलेक्ट्रिकल सुपरवायझर, बारा-पंधरा मिलची कामं पाहतो. या वर्षी एका शेठचा फोन आला तो वेगळाच होता. त्यांच्याकडून गाठी घेणाऱ्या कंपनीनं सेफ्टीचा ऑडिट करायचं म्हटलं आणि कागदात लिहिलं होतं की आर्क फ्लॅश स्टडी दाखवा, म्हणजे पॅनलमध्ये विजेचा भडका झाला तर माणसाला किती भाजेल याचा हिशोब. शेठ म्हणाले, "काहो भाऊ, हे आर्क फ्लॅशचं साफ्टवेअर कोणतं चांगलं हाय, एक घेऊन टाकू, तुम्ही बसून करून टाका."

मी म्हटलं, दोन दिवस द्या, मग सांगतो. त्या दोन दिवसांत जे सांगायचं ठरवलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आता दालमिल, राईस मिल, कोल्ड स्टोरेज सगळीकडे येणार आहे, आणि सॉफ्टवेअर विकणारा माणूस तुम्हाला स्क्रीनवरची रंगीत चित्रं दाखवेल पण तुमच्या पॅनलमध्ये फ्यूजच्या जागी कोणती तार गुंडाळली आहे हे काही विचारणार नाही.

आधी आर्क फ्लॅश, आपल्या भाषेत भडका, म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे वायरमनला शॉकची भीती असते, भडक्याची तेवढी नसते. शॉक लागायला हात लागावा लागतो. भडक्याला हात लागायची गरजच नाही. दोन फेजमध्ये स्क्रूड्रायव्हर पडला, पाल शिरली, उंदराने इन्सुलेशन कुरतडलं, किंवा जिनिंगमध्ये नेहमी होतं तसं बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या पट्ट्यांवर, रुईचे तंतू आणि धूळ साचून ओल धरली, की दोन फेजच्या मधली हवाच करंट वाहायला लागते. तिथे तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या जवळ जाऊ शकतं, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, यावरून समजा. तांब्याची वाफ होते आणि वाफ होताना ते साधारण ६७,००० पट फुगतं, म्हणून नुसता जाळ येत नाही, स्फोटासारखा दणका येतो, पॅनलचं दार उडतं आणि वितळलेल्या तांब्याचे थेंब अंगावर येतात. अमेरिकेतले इंजिनिअर राल्फ ली यांनी १९८२ साली या भाजण्यावर पेपर लिहिला, तेव्हापासून लोक शॉकपासून वेगळा धोका म्हणून याचा हिशोब करायला लागले.

आमच्याच भागातल्या एका मिलमध्ये काही वर्षांपूर्वी एक हेल्पर पोरगा पॅनलच्या बाजूला नुसता टॉर्च धरून उभा होता. काम मिस्त्री करत होता. टेस्टरचं टोक सरकलं आणि भडका झाला. मिस्त्रीचा हात भाजला, पण पोराचा चेहरा आणि मान भाजली कारण तो वाकून पाहत होता, आणि अंगात टेरिकॉटचा शर्ट होता तो वितळून कातडीला चिकटला. त्याला नागपूरला न्यावं लागलं. त्या पोराला कोणीच सांगितलं नव्हतं की किती दूर उभं राह्यचं. ते अंतर सांगणं हेच या स्टडीचं काम आहे, म्हणून मला हा विषय कागदी वाटत नाही.

स्टडीतून येणारा मुख्य आकडा म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथे चामडीच्या एका चौरस सेंटीमीटरवर किती कॅलरी उष्णता पडेल. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. ऐकायला किरकोळ वाटते, पण १.२ कॅलरी क्षणभरात पडली की उघड्या कातडीवर फोड येण्याइतकं भाजतं, म्हणजे सेकंड डिग्री. ज्या अंतरावर आकडा १.२ होतो तिथपर्यंतची हद्द म्हणजे आर्क फ्लॅश बाउंड्री, तिच्या आत साध्या कपड्यात कोणीही नको. आत जायचंच असेल तर अमेरिकेच्या एनएफपीए ७०ई या स्टँडर्डमध्ये कपड्यांच्या चार पायऱ्या दिल्यात, ४, ८, २५ आणि ४० कॅलरी झेलणारे. आता मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर असताना ४० कॅलरीचा जाड सूट आणि डोक्यावर हूड घालून माणूस किती वेळ काम करेल ते तुम्हीच पाहा. म्हणून माझं मत असं की स्टडीचा खरा उपयोग जाड सूट विकत घ्यायला नाही, आकडा खाली आणायला करायचा असतो, आणि सॉफ्टवेअर निवडताना हीच गोष्ट डोक्यात ठेवायची.

आकडा ठरतो कशावरून? भडक्यातला करंट किती, तो किती वेळ टिकला, तुम्ही किती दूर, आणि भडका उघड्यावर आहे का डब्यात. डब्यात असेल तर सगळी आग समोरच्या दारातून बाहेर येते, चुलीसारखी. यातला वेळ सगळ्यात महत्त्वाचा, कारण वेळ दुप्पट झाला की कॅलरी सरळ दुप्पट.

मी शेठच्या मिलचा हिशोब आधी कागदावर केला, तोच सांगतो. बाहेर डीपीला ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करतो, नेमप्लेटवर इम्पिडन्स, म्हणजे त्याचा आतला अडथळा, ४.५ टक्के. फुल लोड करंट येतो ६६७ अँपिअर. मागची लाईन एकदम दमदार आहे असं धरलं तर एलटीला, म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूला, थेट शॉर्ट झाल्यावर ६६७ भागिले ०.०४५, म्हणजे १४.८ केए (एक केए म्हणजे हजार अँपिअर). पण भडक्यात हवेचा अडथळा असतो म्हणून त्यातला करंट कमी असतो. आयईईई १५८४ या भडक्याच्या हिशोबाच्या स्टँडर्डमधल्या २००२ च्या सूत्रानं, बसबारमध्ये २५ मिलिमीटर अंतर आणि माणूस ४५५ मिलिमीटरवर, म्हणजे साधारण दीड फुटावर धरून, भडक्याचा करंट साडेआठ केएच्या जरासा खाली आला. ब्रेकरनं ०.०५ सेकंदात तोडलं तर १.४ कॅलरी, ०.२ सेकंद लागले तर ५.६, आणि दोन सेकंद लागले तर ५६. ट्रान्सफॉर्मर तोच, पॅनल तेच, माणूसही तिथेच उभा, तरी १.४ चे ५६ होतात.

आता पुढचं नीट वाचा कारण सॉफ्टवेअरची पारख इथेच होते.

मिलचा मेन एसीबी, म्हणजे मुख्य ब्रेकर, ८०० अँपिअरचा आहे. ज्या करंटला तो क्षणात पडतो तो इन्स्टंट ट्रिप १० पटीवर ठेवला होता, म्हणजे ८ केए. भडक्याचा करंट ८.४, म्हणजे ब्रेकर लगेच पडेल, १.४ कॅलरी, छान झालं, असं वाटतं. पण मागची लाईन दमदार आहे हे आपण नुसतं धरलं होतं. आपल्याकडे ३३ केव्हीच्या सबस्टेशनपासून ११ केव्हीचा फीडर शेतातून कितीतरी किलोमीटर फिरत येतो, आणि फीडरच्या टोकाला लाईन अशक्त होते. समजा मिलच्या जागी ११ केव्हीची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट झाल्यावर लाईन किती ताकद देऊ शकते तो आकडा, ५० एमव्हीए आहे. मग एलटीचा शॉर्ट सर्किट करंट १४.८ चा १२.१ केए होतो आणि भडक्याचा करंट होतो ७.१५ केए. ब्रेकरचा इन्स्टंट ८ केएवर आहे, तो जागाच होत नाही. शॉर्ट टाईम डिले, म्हणजे त्याखालच्या शॉर्टला ब्रेकर मुद्दाम थांबतो तो वेळ, ०.४ सेकंदावर होता, तेवढा वेळ भडका चालू राहतो आणि आकडा जातो ९ कॅलरीच्या वर. म्हणजे लाईन अशक्त झाली तर धोका कमी व्हायच्या ऐवजी सहा-सात पट वाढला. शेठला हे सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्पच बसले, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही इतके दिवस समजत होतो ते उलटंच निंगालं."

म्हणून पहिली गोष्ट, सॉफ्टवेअरनं प्रत्येक जागेचा हिशोब निदान दोनदा केला पाहिजे, एकदा भडक्याचा पूर्ण करंट धरून आणि एकदा तो थोडा कमी धरून, आणि दोन्हीतला वाईट आकडा दाखवला पाहिजे. स्टँडर्ड हेच सांगतं, कारण खऱ्या भडक्याचा करंट कधी स्थिर नसतो. २००२ च्या पद्धतीत कमी म्हणजे ८५ टक्के धरायचे. वरच्या उदाहरणात लाईन दमदार धरली तरी ८.४५ चे ८५ टक्के म्हणजे ७.२, आणि तेही ८ च्या खालीच. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरनं किंवा फुकटच्या कॅल्क्युलेटरनं एकदाच हिशोब केला त्यानं तुम्हाला १.४ सांगितलं असतं आणि तुम्ही निर्धास्त झाले असते.

दुसरी, १५८४ ची कोणती आवृत्ती. २०१८ ला नवीन आवृत्ती आली, तिच्यामागे १८०० च्या वर चाचण्या आहेत, आधीच्यामागे ३०० च्या आसपास होत्या. नवीनमध्ये बसबार उभे आहेत का आडवे, त्यांची टोकं डब्यात मोकळी आहेत का एखाद्या इन्सुलेटिंग आडव्या भागावर टेकलेली, डबा केवढा, हे सगळं विचारतात. आडव्या बसबारची टोकं माणसाकडे असतील तर भडका सरळ अंगावर फेकला जातो, पिचकारीसारखा, आणि आकडा चांगलाच वाढतो. मी कागदावर जुनं सूत्र वापरलं कारण ते हातानं होतं, नवीनचे समीकरण इतके लांब आहेत की हातानं करायला रात्र जाईल, पण विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ चीच पद्धत पाहिजे, आणि प्रत्येक पॅनलला बसबारची मांडणी वेगवेगळी निवडता आली पाहिजे. सगळ्या पॅनलला एकच मांडणी ठोकून रिपोर्ट देणारे लोक आहेत, तो रिपोर्ट घेऊ नका.

या स्टँडर्डची हद्दही माहीत असू द्या. ते २०८ व्होल्टपासून १५ केव्हीपर्यंतच्या थ्री फेज एसीसाठी आहे. तुमची मिल ११ केव्हीवर असेल तर आत बसते. पण मोठा कारखाना ३३ केव्हीवर कनेक्शन घेतो, ते याच्या बाहेर. तिथे बरेच सॉफ्टवेअर ली यांचं जुनं सैद्धांतिक सूत्र लावून देतात आणि आकडा भलताच फुगून येतो, तर विक्रेत्याला सरळ विचारा, ३३ ला कोणती पद्धत लावता. छतावर सोलर असेल तर त्याच्या डीसी बाजूलाही १५८४ लागू नाही, डीसीचं मॉड्यूल वेगळं असतं आणि बहुतेक ठिकाणी पैसेही वेगळे.

तिसरी गोष्ट माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी, ती म्हणजे ब्रेकर आणि फ्यूजची लायब्ररी. सॉफ्टवेअर तोडायचा वेळ काढतं ते त्या ब्रेकरच्या टाईम-करंट कर्व्हवरून, म्हणजे किती करंटला तो किती वेळात पडतो त्या आलेखावरून. कर्व्ह लायब्ररीत नसेल तर कोणीतरी जवळपासचा दुसराच ब्रेकर निवडून पुढे जातं, आणि तिथेच सगळा रिपोर्ट खोटा होतो. बाहेरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन माल भरपूर असतो. आपल्या पॅनलमध्ये काय आहे? एल अँड टी, सीमेन्स, श्नायडर, एबीबी, हॅवेल्स, सी अँड एस, आणि काही असे की नावच पुसून गेलंय. त्यात एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा २०२० साली श्नायडरनं घेतला, आता तो माल लॉरिट्झ नुडसन नावानं येतो, म्हणजे तुमच्या जुन्या एसीबीचा कर्व्ह लायब्ररीत एका नावानं असेल आणि बिलावर दुसरंच असेल. म्हणून डेमो पाहायला बसाल तेव्हा स्वतःच्या मिलमधल्या पाच ब्रेकरचे मॉडेल नंबर वहीत लिहून न्या आणि म्हणा, हे पाच काढून दाखवा. दोन सापडले नाही तर कॅटलॉगमधला कर्व्ह हातानं टाकता येतो का ते त्याच्याच हातानं करून दाखवायला लावा. या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं कोणत्या माहितीपत्रकात कळत नाही.

आणि किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनी मातीचे, हातानं तार बांधायचे. जुन्या मिलमध्ये, पीठगिरणीत, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात अजूनही किटकॅट आहेत आणि त्यात तांब्याची जाड तार गुंडाळलेली असते कारण बारीक तार घडीघडी जळते. तीच गत डीपीवरच्या डीओची, म्हणजे खांबावरच्या ११ केव्हीच्या फ्यूजची, रात्री लाईन आणायची घाई असते, हाताशी जी तार आली ती लावली. आता मेन एसीबीच्या आधीच्या टर्मिनलवर भडका झाला तर एसीबी काहीच करू शकत नाही, तो भडक्याच्या पुढे आहे, मागे नाही. तिथला करंट तोडायचं काम ११ केव्हीच्या बाजूचं. एलटीला साडेआठ केए वाहत असतात तेव्हा ११ केव्हीला तो करंट फक्त ३३० अँपिअरच्या आसपास दिसतो. नियमाच्या फ्यूजला तो पुरेल, पण जाड तारेला तो किती वेळ चालेल सांगता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही नेमप्लेटप्रमाणे फ्यूज टाकाल, ते छान आकडा देईल, आणि वर खांबावर तार वेगळीच असेल. जगातलं कोणतंच सॉफ्टवेअर खांबावर चढून पाहत नाही. म्हणून स्टडीच्या आधी फ्यूज बरोबर करायचे, मग टाकायचे. सॉफ्टवेअरकडून एवढंच पाहिजे की मेनच्या आधीची बाजू आणि नंतरची बाजू असे दोन वेगळे आकडे त्यानं द्यावे. मेनच्या खोक्यावर दोघांतला मोठा आकडाच लिहायचा.

चौथी, वेगवेगळ्या परिस्थिती. आपल्याकडे लाईन जाते, मग डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लावतो. मिलमध्ये २५० केव्हीएचा डीजी आहे, त्याचा फुल लोड करंट साधारण ३५० अँपिअर आणि शॉर्ट झाला तरी सुरवातीला दोन-अडीच केएच देतो, नंतर तोही ओसरतो. भडक्याचा करंट पावणेदोन-दोन केए. ८०० अँपिअरच्या एसीबीला हा करंट म्हणजे नुसता जास्तीचा लोड वाटतो, तो आरामात वेळ काढतो. डीजीच्या स्वतःच्या ब्रेकरनंही लवकर सोडवलं नाही आणि दोन सेकंद भडका टिकला तर त्याच जुन्या सूत्रानं दहा कॅलरी येतात, करंट ओसरल्यामुळे थोड्या कमी. लोकं म्हणतात डीजीवर आहे, लाईन बंद आहे, घाबरायचं काय, आणि उघड्या हातानं पॅनल उघडतात. त्यामुळे लाईनवर, डीजीवर, सगळ्या मोटरी चालू असताना, हंगाम संपल्यावर नुसतं प्रेस चालू असताना, अशा सगळ्या परिस्थिती एकाच मॉडेलमध्ये ठेवून प्रत्येक पॅनलचा सगळ्यात वाईट आकडा एका तक्त्यात काढून देणारं सॉफ्टवेअर पाहिजे. दर वेळी फाईलची कॉपी करून हातानं बदल करावे लागत असतील तर चुका होणारच. हिशोबात भडक्याचा वेळ जास्तीत जास्त दोन सेकंद धरतात, ती मर्यादा मात्र तारतम्यानं लावा, ती माणूस दोन सेकंदांत बाजूला होईल असं धरून आहे, पॅनलरूम अरुंद असेल आणि मागे गाठींची थप्पी लावलेली असेल तर माणूस जाईल कुठे?

आता नावं. मोठ्या कारखान्यांत आणि कन्सल्टंटकडे ईटॅप जास्त दिसतं, कॅलिफोर्नियाची कंपनी, २०२१ ला श्नायडरनं तिच्यात मोठा हिस्सा घेतला. एसकेएम आणि ईझीपॉवर हेही अमेरिकेतले, जर्मनीचं डिगसायलेंटचं पॉवरफॅक्टरी आहे, आणि आपल्या देशातलं बेंगळुरूच्या पीआरडीसीचं मायपॉवर. कोणतं चांगलं असं मी सांगणार नाही कारण प्रश्न तुमच्या मिलचा आहे. बहुतेक ठिकाणी किंमत बसच्या संख्येवर ठरते, बस म्हणजे मॉडेलमधला प्रत्येक जोड, प्रत्येक पॅनल. जिनिंगचं काम पंधरा-वीस बसमध्ये होतं, कोरपना-राजुऱ्याकडच्या सिमेंट कारखान्याला शेकडो लागतील. कमी बसचं लायसन्स पुरत असेल तर मोठं घेऊ नका. आर्क फ्लॅशचं मॉड्यूल मूळ किमतीत आहे का वेगळं, दुसऱ्या वर्षापासून मेंटेनन्स किती, तो भरला नाही तर सॉफ्टवेअर चालतं का बंद पडतं, लायसन्स यूएसबी चावीवर आहे का इंटरनेटवर, हे लेखी घ्या. इंटरनेटवाल्याबद्दल नीट विचार करा, पॅनलरूममध्ये बसून नेटची काडी शोधत बसायची वेळ येते.

शॉर्ट सर्किटचा हिशोब आयईसी ६०९०९ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डनं होतो का तेही पाहा, आपला माल आणि आपली नेमप्लेट त्याच पद्धतीची. फक्त एक सांगतो, त्या पद्धतीत जास्तीत जास्त करंट काढायला व्होल्टेज थोडं वाढवून धरतात, स्विचगिअर निवडायला ते बरोबर आहे, पण भडक्यासाठी कमीत कमी करंटही काढायचा असतो, का ते वर पाह्यलंच.

सॉफ्टवेअर खरं बोलतं का याची परीक्षा सोपी आहे. १५८४ च्या शेवटी नमुन्याची सोडवलेली उदाहरणं आहेत, तेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि उत्तर जुळतं का पाहा. विक्रेता हे करायला का-कू करत असेल तर तिथेच थांबा.

शेठला शेवटी मी सांगितलं की तुम्ही सॉफ्टवेअर घेऊच नका. एका मिलच्या पंधरा बससाठी घेऊन ठेवायचं, चालवणारा माणूस नाही, वर्षभर धूळ खात पडणार, त्यापेक्षा कन्सल्टंटकडून करून घ्या. पण ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहा. नुसता पीडीएफ नको, सॉफ्टवेअरची मूळ फाईल आमच्या ताब्यात पाहिजे, उद्या नवीन प्रेस लावला तर दुसऱ्याकडूनही बदल करून घेता आला पाहिजे. रिपोर्टमध्ये प्रत्येक ब्रेकरचं सेटिंग आणि कोणता डेटा पाहून घेतला, कोणता अंदाजे धरला, हे वेगळं दाखवा. आणि महावितरणकडून आमच्या ठिकाणची ११ केव्हीची फॉल्ट लेव्हल अर्ज देऊन मागवा, मनानं टाकू नका. ज्यांच्या पाच-सहा मिल आहेत किंवा जे माझ्यासारखे अनेक ठिकाणची कामं पाहतात त्यांनी मात्र स्वतःचं घ्यावं, आणि एका पोराला त्यात तयार करावं.

डेटा गोळा करायला आम्हाला आठ दिवस लागले, सॉफ्टवेअरमध्ये भरायला दोन. मिलचा सिंगल लाईन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशाच नव्हता, जुना कुठेतरी फाईलमध्ये होता तो तीन मालकांपूर्वीचा. केबलची लांबी पावलं मोजून काढली, ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट रंगाखाली दबली होती ती थिनरनं पुसून वाचली. एसीबीचं सेटिंग पाहायला झाकण उघडलं तर आत रुईचा हातभर थर. पूर्ण लाईन बंद करून, डिस्चार्ज करून, टेस्टरनं तपासूनच उघडलं होतं, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो, कारण डेटा घ्यायच्या नादातच लोक चालू पॅनल उघडतात.

रिपोर्ट आल्यावर पहिलं काम झालं ते फुकटचं. एसीबीचा इन्स्टंट १० पटीवरून ६ पटीवर आणला, म्हणजे ४.८ केए. भडक्याचा कमीत कमी करंट ६ च्या वर येत होता म्हणून आता तो लगेच पडतो, आणि मिलची मोठ्यात मोठी मोटर सुरू होताना ओढते तो करंट ४.८ च्या कितीतरी खाली, त्यामुळे उगाच ट्रिपही होत नाही. लाईनवर असताना मेन एसीबीच्या नंतरच्या बाजूचा आकडा ९ वरून दीडच्या आत आला, छोट्या स्क्रूड्रायव्हरनं एक डायल फिरवून. हे कुठे करता येईल हे सॉफ्टवेअर कर्व्ह एकमेकांवर ठेवून दाखवतं, म्हणून तो कर्व्हचा भाग चांगला पाहिजे, ओढून-सरकवून लगेच आकडा बदलताना दिसला पाहिजे.

लेबलचं राह्यलं. बहुतेक सॉफ्टवेअर इंग्रजीतलं तयार लेबल छापतात. आमच्या पॅनलसमोर उभं राहणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते वाचता येत नाही, त्यामुळे लेबलवर देवनागरी अक्षरं नीट छापतात का, जोडाक्षरं फुटतात का, हे डेमोतच छापून पाह्या. एका सॉफ्टवेअरमध्ये "धोका" शब्दाचे चौकोन-चौकोन आले. शेवटी आम्ही आकड्यांचा तक्ता बाहेर काढून लेबल गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलं, वर आकडा, खाली किती फुटांवर उभं राह्यचं, कोणते कपडे, आणि स्टडीची तारीख. नायलॉन, टेरिकॉट घालून आत यायचं नाही हेही मोठ्या अक्षरात टाकलं.

डीजीच्या बाजूचा आकडा मात्र सेटिंग बदलून खाली येत नाही. त्यासाठी डीजीच्या ब्रेकरला वेगळा रिलीज, म्हणजे ब्रेकर पाडणारा भाग, लागतो, त्याचं कोटेशन मागवलंय. तो बसेपर्यंत पॅनलच्या दाराला कुलूप आहे, चावी शेठच्या टेबलावर, आणि डीजी चालू असताना ती कोणालाच देत नाही.